धक्क्यावरच्या माणसांची नोंद कशी घ्यावी

गोव्यात कुडचडे-सावर्ड्याला जुवारी नदीच्या काठी खाणींतलं खनिज बार्जमध्ये, म्हणजे मालवाहू बोटींत, भरायचे धक्के आहेत. दोन उन्हाळे मी त्यांचे, वजनकाट्यांचे, बंद गॅरेजांचे फोटो काढत फिरले. घरी येऊन पाहिलं तर पाटीभर खनिज डोक्यावरून वाहिलेल्या बायकांपैकी एकीचंही नाव माझ्याकडे नव्हतं. म्हणून सांगते, सुरुवात माणसापासून करा. पत्रे-खांब आणखी काही वर्षं टिकतील.

माझे बाबा सावंतवाडीकडून आले आणि काट्यावर कारकून झाले. त्यांच्या वहीत ट्रकचा नंबर आणि टनांचा आकडा असे. चालकाचं नाव त्यात कधी नसे. तुमच्या वहीत ते पहिल्या रकान्यात हवं. पुढे मूळ गाव, आणि गावासोबत तालुका, कारण एकाच नावाची गावं धारवाड-विजापूरकडे पुष्कळ. आपल्याकडे घाटावरून आलेल्यांना ज्या एका शब्दाने हाक मारतात, तो नोंदीत लिहू नका. त्यांनी तो आयुष्यभर ऐकला आहे.

‘कोणत्या साली आलात?’ असं विचारलं की म्हातारी माणसं गप्प होतात. त्याऐवजी खुणा द्या. लिबरेशनच्या, म्हणजे १९६१च्या गोवामुक्तीच्या, आधी की नंतर? गोवा घटक राज्य झालं (१९८७) तेव्हा थोरला मुलगा केवढा होता? कोकण रेल्वे सुरू झाली (१९९८) तेव्हा काम हाताने होतं की यंत्राने? २०१२ला खाणी बंद पडल्या तेव्हा घरी किती जण कमावते होते? सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ला ८८ लीजांचं, म्हणजे खाणपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द केलं, तो दिवस कामगारांच्या चांगला लक्षात असतो. त्यानंतर कोण गावी परतलं आणि कोण इथेच राहिलं, तेही विचारा. माझ्या वहीत सर्वांत जास्त पानं याच प्रश्नाची आहेत.

बार्जवर काम केलेला कोणी भेटला तर पावसाळ्याचं विचारा. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ पावसात समुद्र खवळतो, म्हणून बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत आणि मुरगाव बंदराला जात. या एका प्रश्नातून वाटेवरचे धक्के, वळणं, देवळं, नांगर टाकायच्या जागा आपोआप बाहेर येतात.

नंतर त्या माणसालाच सोबत घेऊन जागेवर जा. शक्यतो मे संपायच्या आत, कारण एकदा पाऊस लागला की रान सगळं झाकून टाकतं. कुंपणाबाहेरच उभे राहा. पाणी भरलेल्या खंदकाची कड कधी ढासळेल त्याचा नेम नसतो, तिथे कुणालाही नेऊ नका. मजुरांनी मांडलेल्या एखाद्या यल्लम्माच्या घुमटीपाशी मात्र थांबा. सौंदत्तीहून ती कुणी आणली, भंडारा कोण उधळतं, आता दिवा कोण लावतं हे लिहून घ्या. कन्नड येत नसेल तर घरातली नात मदतीला घ्या. आजीला नातीसमोर बोलायला आवडतं, आणि नातही ते पहिल्यांदाच ऐकत असते.

हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचे कागद निघाले तर अंगणात सावलीत ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कागद त्यांच्या घराबाहेर नेऊ नका. तारखा पडताळायला पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रं आहेत.

नोंद पूर्ण झाली की त्यांना वाचून दाखवा, घाई न करता. एका बाईने मला तिचं नाव दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मी गाव, तालुका जोडून वाचलं, तशी ती म्हणाली, ‘सासूचंही घाल. तीही माझ्याबरोबर पाटी उचलायची.’