मेपल सिरपच्या जत्रेला लहान मूल न्यायचं तर

कपडे, खाऊचा डबा, डायपर यांबद्दल सांगत बसत नाही. कॅनडात एक हिवाळा काढलेल्या आईबापांना ते पाठ असतं. लक्षात ठेवायचं ते एवढंच की मार्च-एप्रिलची ही जत्रा बर्फापेक्षा चिखलाची असते. रात्री पारा शून्याखाली आणि दुपारी शून्याच्या वर गेला तरच मेपलच्या झाडातून रस वाहतो, आणि तोच आटवून सिरप करतात. म्हणजे सकाळी टणक असलेली वाट अकरापर्यंत घोट्याएवढा राडा होते. गमबूट घाला, मोज्यांचे दोन जादा जोड घ्या आणि स्ट्रोलर गाडीतच ठेवा.

जत्रा निवडा. ऑन्टारिओतल्या एल्मायराची जत्रा 1965 पासून भरते. 2000 साली तिथे एका दिवसात 66,529 माणसं आली आणि गिनीज बुकात नोंद झाली. मोठ्यांनी जरूर जावं. पण तीन वर्षांच्या पोराला त्या गर्दीत फक्त लोकांचे गुडघे दिसतात. ‘मोठ्या जत्रेत जास्त बघायला मिळतं’ हा सल्ला मला दर वर्षी ऐकू येतो आणि तो चूक आहे. पहिल्या वर्षी जवळचं एखादं लहान शुगर बुश, म्हणजे मेपलचं राखलेलं रान, गाठा. दार उघडायच्या वेळेला पोहोचा आणि जेवणाच्या आधी परत निघा.

आधी झाड. सगळे थेट पॅनकेकच्या रांगेत उभे राहतात. पोटात साखर गेलेलं मूल मग झाडापाशी दोन मिनिटंही थांबत नाही. म्हणून खाणं शेवटी. बादली टांगलेलं झाड शोधा, कारण हल्ली बऱ्याच रानांत प्लॅस्टिकच्या नळ्या असतात आणि त्यात मुलाला काहीच कळत नाही. मुलाला उचलून खोडात ठोकलेल्या तोटीपाशी धरा, थेंब मोजू द्या. मालकाला विचारून एक थेंब बोटावर चाखवा. रस पाण्यासारखा स्वच्छ असतो आणि गोडी लागते न लागते, कारण त्यात साखर जेमतेम दोन टक्के असते. 40 लिटर आटवावा तेव्हा लिटरभर सिरप मिळतं. हे सांगून कळत नाही. आदल्या दिवशी घरी बादलीत 40 पेले पाणी मोजून ओता आणि शेजारी एक पेला ठेवा. माझी लेक झाडापाशी आपणहून म्हणाली, “ही अख्खी बादली, आणि एवढंसंच?”

मग भट्टी. गुऱ्हाळ पाहिलेल्या आजीआजोबांना सोबत न्या, समजावायचं काम ते करतील. काहिलीच्या जागी लांबट सपाट कढया असतात, बाकी वाफ, धग आणि फेस ओळखीचाच. उतू जाणारा फेस इथे लोण्याच्या टिपक्याने खाली बसवतात, आपल्याकडे तेलाच्या थेंबाने. मूल कडेवरच ठेवा, जमिनीवर नाही. आत शिरताच स्नोसूटची चेन उघडा.

आता बर्फावरची टॉफी. इथे मी एकदा सपशेल चुकले, म्हणून सावकाश सांगते.

सिरप आणखी आटवून साधारण 112 ते 115 अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. आपल्या भाषेत गोळीबंद पाक. तो स्वच्छ बर्फावर धारेने ओततात आणि काडीवर गुंडाळून हातात देतात. बर्फावरची वस्तू म्हणजे गार, असं मी धरून चालले. पण बर्फ लागतो खालच्या बाजूला. जाड धारेचा मधला भाग गरम राहतो आणि काडीवर गुंडाळला की तोच गोळ्याच्या पोटात जातो. मी काडी तशीच लेकीला दिली. तिने चावा घेतला, ओठ भाजला, आणि पाक चिकट असल्याने पुसूनही निघेना. हातमोज्याने पुसलं तर मोजाच गालाला चिकटला. छोटासाच फोड आला, पण रडणं थांबायला अर्धा तास गेला आणि पुढचं वर्षभर तिने मेपलचं नाव काढू दिलं नाही.

म्हणून आता मी असं करते. ओतणाऱ्याला बारीक धार मागते. कुणी नाही म्हणत नाही. धार बर्फावर मिनिटभर तशीच राहू देते, मागे रांग असली तरी. मग मी स्वतः गुंडाळते, पहिला घास मी खाते, तोही गोळ्याच्या आतला. त्यानंतर सुतळीएवढी पातळ पट्टी तोडून मुलाच्या तोंडात घालते. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खा गोळा कधीच देऊ नका. तो दाढांना चिकटतो, घशात अडकू शकतो. ‘चोखेल की हळूहळू’ असं शेजारच्या बाकावरचं कुणी म्हणेल, त्याचं ऐकू नका. मूल चोखत नाही, चावतं.

खाताना बसवूनच ठेवा. काडी तोंडात घेऊन चिखलात एक पाऊलही चालू देऊ नका.

हातमोजे आधी काढून आपल्या खिशात. हात गार पडले तरी चालतील, पाच मिनिटांचा प्रश्न आहे. पाक लागलेला मोजा ओला होतो, गारठतो आणि परत घालता येत नाही. वाइप्सने हा चिकटा फक्त पसरतो. थर्मासमध्ये कोमट पाणी आणि एक जुना पंचा न्या. पंचा भिजवून बोटांवर नुसता दाबून धरा, पाक आपोआप विरघळतो.

पॅनकेक त्यानंतर, भूक उरली असेल तर.

बाटली घेताना फिकट सोनेरी म्हणजे उत्तम असं समजू नका. हंगामाच्या सुरुवातीचं सिरप फिकट आणि सौम्य असतं, शेवटचं गडद. घावनावर घालायचं तर गडदच घ्या, काकवीच्या जवळ जातं. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिलं तर वर बुरशी येते.