घरचं वायफाय जोडताना या चुका टाळा

आमच्या सोसायटीत कुणाचं वायफाय रुसलं की मला हाक येते. चहा मिळतो, म्हणून मीही जातो. गेल्या काही वर्षांत लक्षात आलं की राउटर बिघडलेला क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो जोडतानाच काहीतरी चुकलेलं असतं, आणि 'नेट चालतंय ना, मग झालं' म्हणून ते तसंच पडून राहतं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक आहे दोन राउटरची. फायबरवाल्याने दिलेल्या डब्यात राउटर आधीच असतो. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण दुकानातून आणखी एक आणतो, वायर घेतो आणि नव्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरून नेट आत घेणाऱ्या खाचेत, खोचतो. सगळीकडे नेट येतं, घर खूश. आठवड्याने मुलीला प्रोजेक्टची प्रिंट काढायची असते. बेडरूममधल्या लॅपटॉपला हॉलमधला प्रिंटर काही केल्या दिसत नाही. मग प्रिंटरला शिव्या, ड्रायव्हर काढा, पुन्हा टाका.

प्रिंटरचा काही दोष नसतो. दुसऱ्या राउटरने आतल्या खोलीपुरतं स्वतःचं वेगळं नेटवर्क थाटलेलं असतं. एकाच घरात दोन चुली. खात्री करायची तर विंडोजच्या दोन्ही संगणकांवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्या. एकाचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने, असं दिसलं तर दुखणं सापडलं.

उपाय असा: दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' मोड (वेगळं नेटवर्क न थाटता फक्त वायफाय पसरवणारा) असेल तर तो निवडा. जुन्या मॉडेलमध्ये तो नसतो. तिथे आधी राउटरचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरच्या रांगेतला पण वेगळा द्या, म्हणजे पहिला १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम, बंद करा आणि वायर वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये (घरातल्या उपकरणांसाठीच्या खाचेत) लावा. आता पत्ते वाटण्याचं काम एकच राउटर करतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे अगदी सारखा ठेवा, म्हणजे खोली बदलली तरी फोन आपोआप जवळचा राउटर पकडतो. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चॅनल, म्हणजे लहरींच्या पट्ट्या, मात्र वेगवेगळे ठेवा: १, ६ आणि ११ यांपैकी दोन. हे तिघं एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, मधले येतात.

दोन्ही राउटर एकाच भिंतीतल्या वायरने जोडलेले असूनही वेग ९०-९५ एमबीपीएसच्या वर जात नसेल, तर कनेक्टरमध्ये डोकावून पाहा. आठ तारांपैकी चारच क्रिम्प केलेल्या, म्हणजे दाबून बसवलेल्या, असतात. चार तारांवर १०० एमबीपीएसच चालतं, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. तुमचा प्लॅन ३०० चा असला तरी वायर १०० चीच.

आता सुरक्षेकडे. इथे लोक नको तिथे मेहनत घेतात. वायफायचं नाव लपवतात (मोफत मिळणाऱ्या ॲपला ते लगेच कळतं), मॅक पत्त्यांची (प्रत्येक उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकांची) यादी करून 'एवढेच फोन चालतील' असं लावतात. हल्लीचे फोन नेटवर्कगणिक बनावट मॅक पत्ता दाखवतात, त्यामुळे चोराआधी घरचाच फोन बाहेर राहतो. आणि एवढा सगळा खटाटोप करून पासवर्ड काय, तर आपला मोबाइल नंबर!

हा मोबाइल नंबर फार धोक्याचा आहे, कारण तो दहा आकडी असल्याने भक्कम वाटतो. आपल्याकडचे नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळ्या मिळून शक्यता ४०० कोटी. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत फोन राउटरशी जोडला जातानाची देवाणघेवाण कुणी टिपून घेतली, तर पुढचे अंदाज तो आपल्या घरी बसून करू शकतो, तुमच्या राउटरला पत्ताही लागत नाही. चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर ४०० कोटी हे काही तासांचं काम आहे. त्यापेक्षा चिंच, पाटा, एसटी, गोधडी असे एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन लिपीत सलग लिहा. लांबी ६३ अक्षरांपर्यंत चालते. आजीलाही पाठ होईल.

पासवर्ड न टाकता उपकरण जोडणारं डब्ल्यूपीएसचं बटण सोयीचं असलं तरी त्याचा पिन बंद करा. पिन आठ आकडी असतो, पण राउटर त्याचे दोन अर्धे वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. ही खोट २०११ मध्येच जगजाहीर झाली.

राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो हे अनेकांना ठाऊकच नसतं. तो 'ॲडमिन-ॲडमिन' असाच राहतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीतून येणाऱ्या अशा साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरूनच लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. हा सेटिंगचा पासवर्ड बदला आणि 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून सेटिंग बदलण्याची सोय, बंद ठेवा.

'माझं नेट कुणी वापरलं तर वापरू दे' म्हणणाऱ्यांना मी २००८ ची आठवण देतो. अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला, त्याचा माग पोलिसांना नवी मुंबईतल्या एका घराकडे घेऊन गेला. तिथलं वायफाय उघडं होतं आणि ते भलत्यानेच वापरलं होतं. चौकशीला मात्र त्या घरात राहणाऱ्याला सामोरं जावं लागलं.

संगणक एकाच नेटवर्कवर आहेत, तरी फोल्डर शेअर होत नाही? विंडोजमध्ये त्या वायफायचा प्रकार 'पब्लिक' आहे का बघा. पब्लिक असेल तर संगणक स्वतःला लपवतो. घरी 'प्रायव्हेट' करा, स्टेशनवर किंवा कॅफेत कधीही नाही. जुना स्कॅनर चालावा म्हणून कुणी 'एसएमबी१ (विंडोजची फाइल शेअर करण्याची जुनी पद्धत) चालू करा' सांगितलं तर ऐकू नका. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस याच जुन्या दारातून पसरला. विंडोज १० मध्ये ते पुढे आपणहून बसवलं जात नाही, ते उगाच नाही.

पाहुण्यांसाठी आणि भिंतीवरच्या कॅमेऱ्यासाठी राउटरमधलं गेस्ट नेटवर्क (घरच्या उपकरणांपासून वेगळं राहणारं वायफाय) चालू करा. प्रिंटर आणि टीव्ही मात्र तिथे टाकू नका, नाहीतर पुन्हा दोन चुलींचीच कथा. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ आणि त्याहून नवा डब्ल्यूपीए३ एकत्र असा ठेवा, फक्त डब्ल्यूपीए३ केलं तर जुना प्रिंटर जोडला जात नाही.

पासवर्ड बदलायचा तो रविवारी सकाळी, सगळे घरात असताना. फोन-लॅपटॉप दहा मिनिटांत होतात. प्रिंटर, टीव्ही आणि कॅमेरा यांची आठवण कुणालाच राहत नाही, आणि सोमवारी पुन्हा माझ्या दाराची बेल वाजते.