असिस्टेड लिव्हिंगमधली ड्युटी: नव्याने येणाऱ्यांसाठी

या कामाला येणारी बहुतेक मुलंमुली पहिल्या दिवशी एकाच गोष्टीला बिचकलेली असतात: डायपर. त्याचं फार मनावर घेऊ नका. ग्लोव्हज घालायचे, पडदा ओढायचा, बोलत बोलत काम उरकायचं. महिन्याभरात सवय होते. सवय व्हायला वेळ लागतो तो समोरच्याला जमतंय ते त्याला करू देण्याची.

मी पुण्यातल्या एका असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे रोजच्या कामात मदत लागणाऱ्या वयस्कर माणसांच्या निवासात, कामाला आहे. आधी हॉस्पिटलात आया होते, मग ब्युरोतर्फे, म्हणजे कामाला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतर्फे, घरोघरी पेशंट सांभाळले, मध्ये जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केला. हॉस्पिटलातून आलेल्यांना इथे सुरुवातीला जड जातं, कारण तिथे सगळं घाईत उरकायची सवय लागलेली असते. इथे माणसं राहायला आलेली असतात. खोलीत त्यांचं कपाट असतं, देव्हारा असतो, तेव्हा दार वाजवूनच आत जायचं. हाक कशी मारायची तेही त्यांनाच विचारा. कुणाला आजी चालतं, कुणाला काकू, आणि निवृत्त मुख्याध्यापिका 'बाई' म्हटल्याशिवाय ओ देत नाहीत.

आमच्याकडे एक काका आहेत, अर्धांगवायूने डावी बाजू गेलेली. शर्ट घालताना आधी लुळा हात बाहीत, मग चांगला. काढताना उलट, आधी चांगला हात मोकळा करायचा. हे कोर्समध्ये शिकवतात. बटणांचं कुणी शिकवत नाही. मी लावली तर अर्धा मिनिट लागेल. काका एका हाताने लावतात तेव्हा चहा गार होतो, तिसरं बटण हमखास चौथ्या काजात जातं आणि ते स्वतःवरच करवादतात. तेवढ्यात मी त्यांच्याकडे पाठ करून चादर बदलून घेते. कॉलरचं बटण तेवढं मला लावायला सांगतात. त्यांच्या मुलीने एकदा तोंडावर विचारलं, "एवढे पैसे भरतो आणि तुम्ही बाबांनाच करायला लावता?" तिला सांगितलं, आज बटणं आम्ही घेतली की पुढच्या महिन्यात दाढी घ्यावी लागेल, मग घास भरवावा लागेल, आणि यातलं एकदा सुटलेलं परत हाती येणं अवघड असतं. तिला पटलं की नाही माहीत नाही, पण पुढच्या वेळी ती मोठ्या काजांचे शर्ट घेऊन आली.

उठण्या-चालण्यात मात्र ही मोकळीक नाही. झोपलेल्या माणसाला एकदम उभं करू नका, बीपी उतरतं आणि चक्कर येते. पाय जमिनीला टेकवून दोन-तीन मिनिटं काठावर बसू द्या. व्हीलचेअर चांगल्या बाजूला लावायची, ब्रेक लावूनच हात द्यायचा. पहाटे लघवीला उठताना माणसं पडतात, म्हणून रात्री वॉकर हाताशी आणि बाथरूमचा दिवा चालू. कुणी पडलंच तर काखेत हात घालून ओढून उठवायची घाई नको. कुठे दुखतंय विचारा, पाय बघा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. हलवू नका, सिस्टरना हाक मारा.

डॉक्टर आमच्याकडे आठवड्यातून एकदा येतात. बाकीचे दिवस बघणारे आपणच. काल नीट बोलणाऱ्या आजी आज अचानक असंबद्ध बोलायला लागल्या तर 'वय झालंय' म्हणून सोडू नका. म्हाताऱ्या माणसांत लघवीचं इन्फेक्शन कधीकधी तापाशिवाय असंच दिसतं. कालची चप्पल आज घट्ट होतेय म्हणजे पायांना सूज आहे. टाचेवर किंवा माकडहाडावर लाली दिसली तर बोटाने दाबून बघा. दाबल्यावर ती फिकी पडत नसेल तर बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तेव्हा जागा गरम किंवा टणक लागते का ते हाताने तपासा. हे सगळं हँडओव्हरच्या वहीत, म्हणजे पुढच्या ड्युटीवाल्यासाठी लिहायच्या वहीत, वेळेसकट गेलं पाहिजे. 'पेशंट ठीक' एवढंच लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. अर्धी पोळी खाल्ली, दोन दिवस शौचाला झालं नाही, असं लिहा.

डिमेन्शियावाल्यांची, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्यांची, संध्याकाळ कठीण. मंत्रालयात नोकरी केलेल्या एक आजी दिवे लागले की पर्स काखेला मारून दारात उभ्या राहतात: सहाची डोंबिवली लोकल गाठायची आहे. "आजी, तुम्ही पुण्यात आहात" असं नव्या मुली सांगतात आणि रडारड होते. मी म्हणते, "अजून वेळ आहे, चहा घेऊन निघा." चहाबरोबर डब्यातल्या मैत्रिणींच्या गोष्टी निघतात आणि जेवणाची वेळ होते. हे खोटं बोलणं आहे का? असेल. मला त्याचं काही वाटत नाही.

नातेवाइकांचे फोन येतात, परदेशातून तर अवेळी. जेवण, झोप, चालणं, जे पाहिलं ते सांगा. 'आता बरे होतील' असं आपल्या तोंडून जाऊ देऊ नका. औषधाची गोळी सिस्टरने काढून दिली तीच द्यायची, मुलाने फोनवर सांगितलं म्हणून कमी-जास्त करायची नाही. साडी, पैसे, अंगठी, काहीही देऊ केलं तरी ऑफिसला सांगितल्याशिवाय घेऊ नका. एखादी वस्तू हरवली की पहिला संशय आपल्यावरच येतो.

नोकरी धरण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. रात्री ड्युटीवरच्या एका माणसाकडे सांभाळायला किती जण असतात? बारा तासांच्या ड्युटीत आठवड्याची सुट्टी खरोखर मिळते का? पगार ब्युरो देणार की संस्था, आणि ब्युरो कमिशन किती कापणार? ईएसआयसी, म्हणजे कर्मचाऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, आहे का? 2017 साली त्याची पगाराची मर्यादा 21,000 रुपये केली, म्हणजे आपल्यातले बरेच जण त्यात बसतात. कंबर धरली की त्याचा उपयोग कळतो. रात्रीच्या माणसांचा आकडा सांगताना मॅनेजर चाचरला तर दुसरी जागा बघा. या कामाला माणसं मिळत नाहीत, जागा मिळतात.