फ्रेंच मालिका पाहून कान कसा तयार करावा

व्याकरण येते, परीक्षेत गुणही चांगले पडतात, पण समोरचा फ्रेंच माणूस भरभर बोलायला लागला की काहीच हाती लागत नाही. पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकणाऱ्या कितीतरी जणांची ही अडचण असते. तिच्यावर मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे ‘प्ल्यू बेल ला व्ही’. या मालिकेत माणसे भाषणे देत नाहीत. ती कॉफी मागवतात, भाड्यावरून वाद घालतात, एकमेकांवर रुसतात. आपल्याला नेमके तेच ऐकायचे असते.

३० ऑगस्ट २००४ रोजी फ्रान्स ३ वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका १८ नोव्हेंबर २०२२ला थांबली. तोवर साडेचार हजारांहून जास्त भाग झाले होते. ८ जानेवारी २०२४पासून टीएफ१ वाहिनीने ती थोड्या बदललेल्या नावाने दुपारच्या वेळेत पुन्हा सुरू केली. गोष्ट घडते मार्सेयमध्ये. सावरकरांनी १९१०मध्ये जिथे बोटीतून उडी घेतली तेच हे बंदर, म्हणून मराठी घरांत त्याचे नाव फार आधीपासून ठाऊक आहे. मालिकेतली मिस्त्राल वस्ती मात्र काल्पनिक आहे. ती जुन्या बंदरालगतच्या ल पानिए या चढउताराच्या गल्ल्यांच्या भागावरून रचली आणि तिचा चौक बेल द मे इथल्या स्टुडिओत उभारला.

पहिली गोष्ट, पहिल्या भागापासून पाहायला बसू नका. हजारो भागांच्या ओझ्याखाली उत्साह मरतो. कुठलाही एक आठवडा निवडा आणि सोमवार ते शुक्रवारचे पाच भाग ओळीने पाहा.

बसण्याआधी एका कागदावर माणसे मांडून घ्या. जुने भाग पाहणार असाल तर मधोमध बारमालक रोलाँ मार्सी लिहा, मग त्याचा मुलगा तोमा, शिक्षिका ब्लाँश, हॉटेल चालवणारी मिर्ता तोरेस आणि तिची मुलगी ल्युना. कोण कोणाचे हे माहीत असले की अर्धे संवाद शब्द न कळताही कळतात.

आता कथानक. प्रत्येक भागात तीन धागे एकत्र विणलेले असतात. एक गुन्ह्याचा किंवा रहस्याचा, आठवडेच्या आठवडे चालणारा. दुसरा सामाजिक प्रश्नाचा. तिसरा हलकाफुलका, काही दिवसांत मिटणारा. शिकणाऱ्याने सुरुवात तिसऱ्यापासून करावी, कारण त्यातले शब्द स्वयंपाकघरातले आणि शेजारपाजारचे असतात. पोलीस चौकशीची भाषा नंतर बघता येईल. सामाजिक धागा मात्र सोडू नका. फ्रान्समध्ये समलिंगी विवाहाचा कायदा मे २०१३मध्ये झाला आणि त्याच उन्हाळ्यात मालिकेत तोमाचे लग्न लागले. देशात जे वाद घरोघरी चालू असतात ते इथे बारच्या टेबलावर येतात, त्यामुळे भाषेबरोबर समाजही कळतो.

प्रत्यक्ष सरावासाठी तीन मिनिटांचा एकच प्रसंग घ्या. आधी उपशीर्षकांशिवाय ऐका. मग फ्रेंच उपशीर्षके लावून पाहा. शेवटी थांबवत थांबवत, पात्राच्या लयीत मोठ्याने म्हणा. इंग्रजी उपशीर्षके अजिबात नकोत. ती लावली की डोळे वाचतात आणि कान झोपतो.

आता वही. तिच्यात अर्थाआधी आवाज लिहायचा, तोही देवनागरीत. पुस्तकात ‘ज न से पा’ (मला माहीत नाही) शिकवतात, ऐकू येते ‘शे पा’. ‘तु आ’चे होते ‘ता’. ‘इल या’मधून उरते नुसते ‘या’. अशी वीस-पंचवीस रूपे कानात बसली की बोलणे एकदम हळू झाल्यासारखे वाटते. ‘आम्ही’साठी शिकलेला ‘नू’ इथे क्वचितच भेटेल. लोक ‘ओं’ म्हणतात, आणि तो आपल्या ‘आपण’च्या फार जवळचा आहे. ‘तु’ आणि ‘वू’वरही लक्ष ठेवा. तू-तुम्ही आपल्या अंगवळणी पडलेले असल्यामुळे हा फरक मराठी माणसाला पटकन जाणवतो. दोन पात्रे ‘वू’वरून ‘तु’वर आली की त्यांच्या नात्यात काहीतरी बदलले असे समजा आणि तो प्रसंग पुन्हा पाहा.

मार्सेयचे खास शब्द वेगळ्या पानावर ठेवा: ‘मिनो’ म्हणजे पोर, ‘फादा’ म्हणजे वेडा, ‘देगँ’ म्हणजे कोणीही नाही. हे ओळखता आले तरी पुरे. परीक्षेच्या निबंधात घालू नका.

शुक्रवारचा भाग संपला की सोमवारी काय होईल ते फ्रेंचमध्ये तीन वाक्यांत फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. सोमवारचा भाग पाहिला की ते ऐका, आणि जिथे चुकलात तिथे पात्राने वापरलेले वाक्य वहीत उतरवा.