एक चौक, एक फाइल : सायकलस्वार आणि पादचाऱ्यांसाठी रस्ता कसा मागावा

पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत, हे सांगताना जुने पुणेकर आजही हळवे होतात. पण महापालिकेच्या अभियंत्यासमोर हा हळवेपणा चालत नाही. तेथे रस्त्याचे नाव, मोजमाप आणि तारीख चालते. चांगल्या कागदांची या शहरात वानवा नाही. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले, डिसेंबर २०१७ मध्ये सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल आराखड्याला मंजुरी दिली आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही साजरा होऊ लागला. तरीही घराजवळच्या चौकात शाळकरी मुलगी सायकल हातात धरून पाच-पाच मिनिटे उभी राहते. मंजूर धोरण आणि तो चौक यांच्यातील अंतर कमी करण्याचे काम सहा-सात जणांचा स्थानिक गट करू शकतो. ते कसे करावे, हे एका उपनगरातील आमच्या गटाच्या अनुभवावरून येथे मांडत आहे.

‘संपूर्ण शहरात सायकल मार्ग हवेत’ असे निवेदन देण्याचा मोह सर्वांत आधी होतो. तो आवरावा. अशा निवेदनाला ‘सदर बाब धोरणात्मक स्वरूपाची आहे’ असे उत्तर येते आणि ते कोणाच्याच टेबलावर थांबत नाही. त्याऐवजी शाळा, बसथांबा किंवा मंडई असलेला सुमारे ५०० मीटरचा एकच पट्टा निवडावा आणि गटातील किमान दोघे तेथून रोज येत-जात असतील असे पाहावे. अपघातप्रवण ठिकाणाची केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची व्याख्याही साधारण ५०० मीटरच्याच पट्ट्याची आहे. तीन कॅलेंडर वर्षांत तेथे मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात अथवा एकूण १० मृत्यू झालेले असले, की ते ठिकाण अपघातप्रवण ठरते. आपला पट्टा त्या यादीत नसेल तर निराश होऊ नये. ज्या चौकात ज्येष्ठांनी भीतीपोटी रस्ता ओलांडणेच सोडून दिले आहे, तेथे अपघाताची नोंद होत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट पाहणीतून दाखवून द्यावी लागते.

पाहणीला मोजपट्टी, खडू, वही आणि फोटो काढायला मोबाइल एवढे साहित्य पुरते. पाहणीपूर्वी इंडियन रोड्स काँग्रेसची तीन मानके नजरेखालून घालावीत : पदपथांसाठी आयआरसी १०३, सायकल मार्गांसाठी आयआरसी ११ आणि वेग कमी करण्याच्या उपायांसाठी आयआरसी ९९. पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते. आमच्या रस्त्यावरचा पदपथ नकाशात दोन मीटरचा होता. प्रत्यक्षात वीज कंपनीच्या डीपीपाशी (वीज वितरणाच्या पेटीपाशी) मोजपट्टी लावली तेव्हा जेमतेम ५५ सेंटिमीटर जागा उरत होती आणि त्यातही एक कुंडी होती. ‘पदपथ अपुरा आहे’ या वाक्याने जे साधले नव्हते, ते मोजपट्टीवरचा ५५ हा आकडा स्पष्ट दिसणाऱ्या एका फोटोने साधले.

गतिरोधकही मोजावेत. मानकातील गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. वाहनांनी तो ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने ओलांडावा अशी त्याची रचना असते. गल्लोगल्ली रातोरात उगवणारे डांबराचे अरुंद उंचवटे मोटारीपेक्षा सायकलस्वारालाच अधिक दणका देतात, आणि ते ‘लोकांच्या मागणीवरून’ झालेले असतात, हे आपण मागणी करणाऱ्यांनी विसरू नये.

सायकलच्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे पावसाळी गटाराची लोखंडी जाळी. तिच्या पट्ट्या वाहतुकीच्या दिशेला समांतर बसवल्या असतील तर फटीत सायकलचे चाक अडकते. आडव्या बसवल्या तर अडकत नाही. आमच्या चौकात रस्त्याच्या कडेला, म्हणजे सायकलस्वार जेथून जातो नेमक्या तेथेच, अशा चार जाळ्या होत्या. प्रत्येक जाळीत आम्ही एका सायकलचे पुढचे चाक उभे केले, ते फटीत बसलेले दिसेल असा फोटो काढला आणि शेजारी खडूने क्रमांक लिहिला. चारही जाळ्या बदलायला सात आठवडे लागले. आमच्या गटाचे पूर्ण झालेले पहिले काम ते.

मोजणी मंगळवार ते गुरुवार या दिवसांत करावी. सकाळी ८ ते ९ आणि संध्याकाळी ५.३० ते ६.३० या वेळात, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने आखून, पादचारी आणि सायकलस्वार वेगवेगळे टिपावेत. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. असे गट बहुधा रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणाऱ्या, महागड्या सायकली असलेल्या हौशी मंडळींचे असतात, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांच्यासारखाच सायकलस्वार असतो. मोजणीत मात्र रात्रपाळी संपवून घरी निघालेले सुरक्षारक्षक, बांधकामावरचे मजूर, दूधवाले आणि शाळेची मुले भरतात. त्यांच्यातील दोघा-चौघांना थांबवून कोठे भीती वाटते ते विचारावे. एका सुरक्षारक्षकाने आम्हाला सांगितले, की त्याला चढाची किंवा बसची भीती वाटत नाही. उजवीकडे वळताना मागून येणाऱ्याला हात दिसत नाही, कारण तेथला दिवा सहा महिने बंद आहे. आमच्या कोणाच्याही यादीत तो दिवा नव्हता.

यानंतर रस्त्याचा मालक शोधावा. लहान गल्ल्या साधारणपणे क्षेत्रीय कार्यालयाकडे आणि मोठे रस्ते मुख्य पथ विभागाकडे असतात. दिवे विद्युत विभागाचे, झाडे उद्यान विभागाची, पदपथावरच्या टपऱ्या अतिक्रमण विभागाच्या, तर पार्किंगची अधिसूचना वाहतूक पोलिसांची. त्यामुळे एका पत्रात एकच विषय आणि एकाच विभागाची मागणी असावी. दहा मागण्यांचे पत्र दहा टेबलांवर फिरते आणि अकराव्यावर दप्तरी दाखल होते, म्हणजे कारवाईविना फाइलबंद होते. पत्राचा विषय असा असावा : ‘अमुक चौक ते तमुक शाळा या दरम्यानच्या पावसाळी गटाराच्या चार जाळ्या बदलणेबाबत’. मजकूर एका पानाचा, सोबत फोटो आणि हाताने काढलेला नकाशा, आणि शेवटी ‘स्थळपाहणीसाठी वेळ द्यावी’ ही विनंती. पत्र आवक-जावक कक्षात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. मोबाइल ॲपवरची तक्रार खड्ड्यासाठी ठीक आहे. रचनेत बदल हवा असेल तेथे ती ‘निराकरण झाले’ असा शेरा लागून बंद होते.

भेट आयुक्तांची मागण्यापेक्षा कनिष्ठ अभियंत्याची मागावी. पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, तोच तयार करतो, त्यामुळे मागणी त्यात शिरली तरच ती रस्त्यावर उतरते. ‘साहेब, जागेवर दहा मिनिटे येता का’ या विनंतीला अनपेक्षितपणे चांगला प्रतिसाद मिळतो, कारण त्यांच्याकडे येणारे बहुतेक लोक ओरडायला आलेले असतात.

माहितीचा अधिकार वापरावा, पण जपून. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा हे महाराष्ट्राचे नियम आहेत. उत्तराची मुदत ३० दिवसांची असून ते न मिळाल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते. कामाचा नकाशा, पूर्वगणनपत्रक, कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला काम सुरू करण्याचा आदेश) आणि दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करायचे असतात ती) एवढेच मागावे. तथापि महापालिकेत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना फाइली पाहू देण्याची सोय होती; ती चालू आहे का ते आधी विचारावे आणि असल्यास तिचा लाभ घ्यावा. फाइल समोर बसून वाचली की टिपणीत नेमके कोण, कशासाठी अडले आहे ते कळते, आणि अर्जामुळे अभियंता सावध होऊन मिटून बसतो, ते टळते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८अ ठाऊक असावे. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल मानकांनुसार न ठेवल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरणाला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पहिल्याच पत्रात मात्र ते कलम लिहू नये; पहिले पत्र ओळख करून देण्यासाठी असते.

पैशाची वेळ पाळणे महत्त्वाचे आहे. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचनांचा समावेश अंदाजपत्रकात करण्याची पद्धत असून एका कामाला कमाल ५ लाख रुपये अशी तिची मर्यादा राहिली आहे. अर्ज साधारणपणे पावसाळ्याच्या उत्तरार्धात घेतले जातात; त्या वर्षीची मुदत आणि नियम क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्यावेत. पावसाळ्यात खोदाई बंद असते, म्हणून ऑगस्टमध्ये मागावे आणि हिवाळ्यात मागे लागावे. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेत नगरसेवक नव्हते, त्यामुळे त्या काळात गटांना थेट अधिकाऱ्यांशी बोलण्याची सवय लागली. आता प्रभागाच्या नगरसेवकांनाही पत्राची प्रत द्यावी, आणि (प्रभागात सहसा चार असतात) चौघांनाही द्यावी. एकालाच दिली की उरलेल्या तिघांना ते काम परके वाटते.

खरा विरोध बहुधा महापालिकेकडून नव्हे, तर दुकानदारांकडून होतो, आणि तो पार्किंगवरून होतो. काम मंजूर होण्याआधीच त्यांच्याकडे जावे. आम्ही एका सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत दुकानांच्या रांगेपुढील दुचाकींचे क्रमांक दर अर्ध्या तासाने लिहिले. एकोणीसपैकी अकरा गाड्या संपूर्ण वेळ हलल्याच नाहीत. त्या दुकानदारांच्या आणि त्यांच्या कामगारांच्याच होत्या. हा कागद आम्ही सभेत फडकावला नाही, तर सर्वांत ज्येष्ठ दुकानदार काकांना त्यांच्याच दुकानात चहा घेताना दाखवला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘आमच्या गाड्या मागच्या गल्लीत लावू, पण टेम्पो उतरवायला सकाळी एक तास द्या.’ मागणी रास्त होती, म्हणून ती आमच्या पत्रात आम्ही स्वतःच घातली.

प्रत्येक रस्त्यावर वेगळा सायकल मार्ग मागू नये. जुन्या योजनांमधील पेव्हर ब्लॉकचे कित्येक मार्ग झाडाशी, बसथांब्याशी किंवा रिक्षाथांब्याशी येऊन संपतात, आणि चौकात, जेथे त्यांची खरी गरज असते, तेथे तर नाहीसेच होतात. गल्लीत वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत आणला की पुरते. मोठ्या रस्त्यावर मात्र अखंड आणि उंचीने वेगळा मार्ग हवा, आणि तो चौक ओलांडून पलीकडे कसा जातो ते नकाशात आधी पाहावे. बोलार्डवरही, म्हणजे वाहने चढू नयेत म्हणून पदपथावर रोवलेल्या खुंटांवरही, फार विसंबू नये. ज्या फटीतून चाकांची खुर्ची जाते, तिच्यातून स्कूटर सहज जाते.

काम सुरू झाले की गटातील एकाने रोज तेथून एक फेरी मारावी. आम्ही एकदा तीन दिवस गेलो नाही आणि झेब्रा क्रॉसिंग बरोबर अशा जागी रंगवले गेले, जेथे दुभाजकाला फटच नव्हती. नकाशात फट होती. दुभाजकाचे काम दुसऱ्या ठेकेदाराकडे होते. ती फट पाडायला आणखी पाच महिने आणि तीन पत्रे लागली. जून महिन्याच्या पहिल्या जोराच्या पावसानंतर तीच मोजपट्टी घेऊन पुन्हा जावे, जाळ्यांपाशी पाणी साचते का, नवा पदपथ खचला का, पट्टे पुसट झाले का ते पाहावे आणि जुन्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन पत्र द्यावे. दोषदायित्व कालावधी संपण्याआधी ते पोचले, तर दुरुस्ती ठेकेदाराला स्वतःच्या खर्चाने करून द्यावी लागते.