आजीची बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी ज्यूंची) गाणी रेकॉर्ड करायची असतील तर
सगळ्यात आधी कूलर बंद करा, नागपूरच्या मे महिन्यात जीवावर येतं पण माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये नुसती घरघरच आली. फोन एअरप्लेन मोडवर टाकून आजीजवळ उशीवर ठेवा. गाणं म्हण असं एकदम नका म्हणू, मलिद्याचं, म्हणजे नवसाच्या-आभाराच्या प्रार्थनेचं, ताट कसं लावायचं ते विचारा, गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, मग एलियाहू हन्नाबीचं (ज्यूंचा प्रेषित एलिया) नाव निघालं की सूर आपोआप लागतो. अलिबागजवळ नवगावला पूर्वजांचं जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, शनिवारी शब्बाथ म्हणून तेलाचा घाणा बंद, म्हणून नाव शनवार तेली, हे तिच्याच शब्दात येऊ द्या, मधे तोडू नका. बेने इस्रायलींची मराठी कीर्तनं १८८० पासूनची, त्यामुळे जुनी वही सापडली तर पानन्‌पान फोटो काढा, शाईच्या डागांसकट.