म्हाताऱ्या, आजारी गोल्डफिशची काळजी कशी घ्यावी

आमची सोनी अकरा वर्षांची असताना एका सकाळी टाकीच्या तळाशी कलंडलेली दिसली. कल्ले हलत होते आणि एक डोळा माझ्याकडे लागला होता. शेजारच्या काकी म्हणाल्या, "अगो, एक गेलो तर दुसरो हाड (आण)." वेंगुर्ल्याच्या बाजारात रोज पाट्या भरून मासळी पाहणाऱ्याला एका माशासाठी एवढा जीव टाकणं नवलाचंच वाटणार. पण नीट सांभाळला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगतो, आणि त्यातल्या शेवटच्या दिवसांत त्याला आपली गरज सगळ्यात जास्त असते.

औषधं शोधण्याआधी पाणी तपासा. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे माशाच्या घाणीतून पाण्यात साठणारी विषं, दोन्ही शून्य यायला हवीत. नसतील तर रोज पाव टाकी पाणी बदला. सगळं पाणी एकदम कधीही बदलू नका, म्हाताऱ्या माशाला तो धक्का सोसत नाही. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात.

आपल्याकडे पाण्याच्या तऱ्हा वेगळ्या. विहिरीचं पाणी ताजं ओतू नका, त्यात ऑक्सिजन कमी असतो. रात्रभर बादलीत एअर पंप लावून ठेवा. एप्रिल-मे महिन्यात खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात, तेव्हा आधी चाखून बघा. आणि विहिरीत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) कधी टाकली ते विचारून घ्या. मी एकदा विचारलं नाही, आणि सोनी दिवसभर पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत राहिली. क्लोरीन मारायचे थेंब दुकानात मिळतात, ते घरात असू द्या.

मग मासा नीट न्याहाळा. पोट फुगून खवले अननसासारखे उभे राहिले असतील, तर आतले अवयव थकलेत असं समजा. त्यातून मासा क्वचितच उठतो. उलटा किंवा तिरका तरंगत असेल, तर हवेची पिशवी किंवा पोट बिघडलंय, आणि त्यावर बरंच करता येतं. तीन दिवस खायला देऊ नका. मग वाटाणा उकडून, साल काढून, मसुराएवढे तुकडे द्या. सोनी वाटाणा बोटांतून घ्यायची. आधी ओठांनी चाचपायची, सोडून द्यायची, आणि मी हात मागे घेणार एवढ्यात ओढून न्यायची. माशांच्या विकतच्या खाद्याचे दाणे द्यायचे तर भिजवून द्या. कोरडे दाणे गिळताना मासा हवाही गिळतो.

पोहायला जमत नसेल तर पाण्याची उंची वीतभरावर आणा, म्हणजे वर येण्याचे कष्ट वाचतात. तळाचे खडे काढा, ते पोटाला घासतात. उजेड मंद ठेवा.

मिठाचा उपयोग होतो, पण मोजून. बिनमसाल्याचं साधं खडे मीठ घ्या, लिटरला एक ग्रॅम. टाकीच्याच पाण्यात विरघळवून दिवसभरात थोडं थोडं ओता. पाणी आटलं तर नुसतं पाणी भरा, कारण मीठ आटत नाही. पाणी बदलाल तेवढ्याचंच मीठ पुन्हा घाला. माणसांच्या अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकू नका. त्यांनी फिल्टरचे जिवाणू मरतात, आणि मासा त्याच अमोनियाने जातो.

मे महिन्यात ऊन पाणी ऑक्सिजन कमी धरतं. बर्फ टाकू नका. झाकण काढून वर जाळी घाला आणि पंख्याचा वारा पाण्यावर येऊ द्या. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप घेऊनच ठेवा. तो नसेल तर दर पंधरा मिनिटांनी तांब्याने पाणी उचलून वरून ओता. एका जुलैच्या रात्री आम्ही घरची माणसं पाळीपाळीने हेच करत बसलो होतो.

तरीही खाणं पूर्ण थांबलं, मासा आडवाच पडून राहिला, दिवसामागून दिवस सुधारणा नाही, तर पशुवैद्यकाशी बोलून लवंग तेलाने शांत झोप द्या. तेल पाण्यात आपोआप मिसळत नाही, म्हणून छोट्या बाटलीत कोमट पाण्याबरोबर जोरात हलवा. भांड्यात टाकीचंच पाणी घ्या. आधी अगदी थोडं मिश्रण सोडा. मासा निपचित झाला की उरलेलं ओता, सगळं मिळून लिटरला आठ-दहा थेंब तेल. कल्ले थांबले तरी अर्धा तास त्याच पाण्यात राहू द्या. जिवंत मासा फ्रीजरमध्ये ठेवणं किंवा संडासात सोडणं हे हाल आहेत. व्हाळात किंवा तळ्यातही सोडू नका, रोग तिथल्या माशांना लागतो.

सोनीला आम्ही परसात, माडाच्या आळ्याबाहेर, हातभर खोल पुरलं. त्यावर जांभ्याचा एक चिरा ठेवला, मांजराने उकरू नये म्हणून.